शाळा प्रत्येकाची : भाग ५ – तोंडी विनंती नको, लेखी अर्ज करा

मुलाच्या अध्ययन अक्षमतेची तपासणी कुठे आणि कशी होते, हे आपण मागच्या आठवड्यात पाहिलं. आता शाळेकडे वळू. बहुतेक पालक वर्गशिक्षिकेला फाटकाशी गाठतात, ‘बाई, जरा लक्ष द्या हो’ म्हणतात आणि बाईही ‘हो’ म्हणतात. त्या मनापासूनच म्हणतात. पण वर्ग मोठा असतो, आणि जूनमध्ये वर्ग बदलला की नव्या बाईंना यातलं काहीच ठाऊक नसतं. म्हणून मागणी कागदावर हवी.

अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे लिहा. ‘मुलगा अभ्यासात मागे आहे’ एवढ्यावरून शाळेला काही कळत नाही. जे दिसतं ते लिहा : चौथीतला मुलगा धड्यावरची उत्तरं तोंडी नीट सांगतो, वहीत मात्र जोडाक्षरं तुटतात, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्यांची अदलाबदल होते, निम्मं उतरवून होईतो फळा पुसला जातो. मग त्याला काय हवं तेही एकेक करून मांडा : पहिल्या बाकावर जागा, फळ्यावरच्या मजकुराची छापील प्रत, काही प्रश्नांची तोंडी परीक्षा, घटक चाचणीला वाढीव वेळ. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या.

प्रमाणपत्र अजून हाती नाही म्हणून थांबू नका. बाक बदलायला प्रमाणपत्र लागत नाही. दहावी-बारावीच्या मंडळाच्या परीक्षेत वाढीव वेळ किंवा लेखनिक हवा असेल, तर मात्र ते लागतंच. त्याची धावपळ दहावीच्या वर्षावर ढकलू नका.

ही मागणी म्हणजे मेहेरबानीची याचना नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारचं दिव्यांगत्व नोंदलेलं आहे. अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता त्यात आहेत. मान्यताप्राप्त शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि मुलाच्या गरजेनुसार सोयी कराव्यात, असं कलम १६ सांगतं. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल, तर ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे (कलम ३१).

शाळेत विशेष शिक्षक नसेल, तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रात चौकशी करा. समग्र शिक्षा योजनेतले समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक तिथून शाळांना भेटी देतात. तीव्र दिव्यांगत्वामुळे शाळेत येऊच न शकणाऱ्या मुलांसाठी गृहाधारित शिक्षणाची तरतूद आहे. अर्जाला उत्तर आलं नाही, तर त्याची प्रत जोडून आधी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, मग जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करा. तिथेही दाद लागली नाही, तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे जाता येतं. या प्रत्येक पायरीवर पहिल्यांदा विचारला जातो तो आवक क्रमांक.

पालकहो, पुढचा भाग येईपर्यंत अर्ज शाळेत पोहोचवा. बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतींबद्दल पुढच्या आठवड्यात.