गुप्तहेराचा गल्ला आणि पैशाचे मोल

बंगळूरुच्या पूर्वेस के. आर. पुरम येथे स्थायिक होणाऱ्या मराठी कुटुंबांस कन्नड पडद्यावरील ‘बाँड’चा परिचय क्वचितच असतो. ‘जेडर बले’ (१९६८) ते ‘ऑपरेशन डायमंड रॅकेट’ (१९७८) अशा चार चित्रपटांत डॉ. राजकुमार यांनी सी.आय.डी. ९९९ हा गुप्तहेर साकारला. अशा मालिकेतील सर्वांत यशस्वी चित्रपट कोणता, हे केवळ गल्ल्यावरून ठरवता येईल काय?

मूळ बाँडपटांचे उदाहरण उद्बोधक आहे. ‘थंडरबॉल’ने (१९६५) जगभरात सुमारे १४ कोटी डॉलर मिळविले, तर ‘स्कायफॉल’ने (२०१२) सुमारे ११० कोटी. वरकरणी ही जवळजवळ आठपट कमाई! परंतु मधल्या ४७ वर्षांत अमेरिकेतील किंमतपातळी सातपटींहून अधिक वाढली. ती हिशेबात धरता ‘थंडरबॉल’चा गल्लाही शंभर कोटींपलीकडे जातो आणि दोहोंतील अंतर अगदी थोडे उरते.

ठेवींचेही असेच आहे. व्याज ७ टक्के आणि महागाई ५ टक्के असेल, तर क्रयशक्तीतील वाढ जेमतेम २ टक्के. म्हणून मुदतपूर्तीची रक्कम पाहताना तिच्यात त्या दिवशी काय विकत घेता येईल, हा प्रश्न सुज्ञ ठेवीदाराने अवश्य विचारावा.