तेल धुतलं, भूक राहिली

२३ जून २००० रोजी केपटाऊनजवळच्या समुद्रात ‘ट्रेझर’ हे मालवाहू जहाज बुडालं आणि त्याचं तेल रॉबेन व डासेन बेटांवरच्या पेंग्विनांपर्यंत पोहोचलं. सुमारे १९ हजार पक्षी माखले. हजारो स्वयंसेवक धावून आले. भांड्यांच्या साबणाने, टूथब्रशने एकेक पक्षी धुतला गेला. तेल न लागलेले साडेएकोणीस हजार पक्षी दूर पोर्ट एलिझाबेथला नेऊन सोडले, म्हणजे ते पोहत परतेपर्यंत इकडचं पाणी साफ व्हावं. माखलेल्यांपैकी बहुतेक वाचले. पक्ष्यांसाठी माणसांनी एवढी धडपड क्वचितच केली असेल.

तरीही गेली पंचवीस वर्षं आफ्रिकन पेंग्विन हरतच आला आहे.

त्याचे हाल जुनेच. पूर्वी हा पक्षी बेटांवर साचलेल्या विष्ठेच्या थरांत बीळ करून अंडी घालायचा. खतासाठी ते थर खरवडून नेले आणि घरटी उन्हात, कुरव पक्ष्यांच्या तावडीत उघडी पडली. अंडी गोळा करणं तर १९६७ पर्यंत चालू होतं.

पण खरा घात केला तो भुकेने. त्याचं अन्न म्हणजे आपल्या तारलीचे भाऊबंद सार्डिन आणि मांदेलीच्या कुळातले अँकोव्ही. पिसं बदलताना जवळजवळ तीन आठवडे त्याला समुद्रात उतरता येत नाही. आधी खाऊन साठवलेल्या चरबीवरच तग धरावा लागतो. पाणी बदललं तसे मासे पूर्वेकडे सरकले, उरलेल्यांवर पर्ससीन जाळी पडत राहिली. २००४ ते २०११ या काळात डासेन आणि रॉबेनवर सुमारे ६२ हजार प्रौढ पेंग्विन मेले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तेलाने माखलेल्यांच्या तिप्पट! त्यांच्यासाठी मात्र कुणी धावलं नाही, कारण उपाशी पक्षी डोळ्यांसमोर मरत नाही.

२००८ पासून काही बेटांभोवती मासेमारी बंद ठेवून पाहण्याचे प्रयोग झाले. त्यांच्या निष्कर्षांवर वर्षानुवर्षं वाद चालले आणि तेवढ्यात वसाहती रिकाम्या होत गेल्या. एकेकाळी सर्वांत मोठी असलेली सेंट क्रॉय बेटावरची वसाहतही ओसरली. २०२४ मध्ये या पक्ष्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून झाली. तेव्हा दहा हजारांपेक्षाही कमी जोड्या उरल्या होत्या.

मार्च २०२५ मध्ये न्यायालयात तडजोड झाली आणि सहा वसाहतींभोवती सार्डिन-अँकोव्हीची मासेमारी दहा वर्षांसाठी बंद झाली. निर्णय योग्यच आहे. तो पंधरा वर्षं आधी व्हायला हवा होता.