मोटारीची पोथी

मराठी शिकवणाऱ्या माणसाला मोटारीतले काय कळते, हा प्रश्न आमच्या घरी नेहमी निघतो. पण त्याचे उत्तर देण्याची पाळी माझ्यावर कधीच येत नाही. ते आमची हीच परस्पर देऊन टाकते. "पेट्रोलचं झाकण कुठल्या बाजूला असतं तेवढं ह्यांना कळतं," असे ती आल्यागेल्याला सांगते. यात थोडी अतिशयोक्ती आहे. ते मला दर वेळी उतरून पाहावे लागते.

तेव्हा गेल्या पावसाळ्यात धाकट्या बहिणीचा चिंचवडहून फोन आला आणि ती म्हणाली, "दादा, आमच्या चिरंजीवांना जुनी गाडी घ्यायची आहे, तू बरोबर जा," तेव्हा मी आधी हसलोच.

"अगं, मला गाडीतलं काय कळतं?"

"गाडीतलं कळत नसेल. माणसातलं कळतं ना?"

यावर मला बोलता येईना. भाचा सव्वीस वर्षांचा, भोसरीला एका कारखान्यात नोकरीला आहे. तो दहावीत असताना त्याचे वडील गेले. त्या गृहस्थांनी आयुष्यभर स्कूटर चालवली. पण रविवारी मुलाला घेऊन ते महामार्गाच्या कडेला उभे राहत आणि नुसत्या आवाजावरून गाडी ओळखण्याची बापलेकांची पैज लागे. ते वेड मुलाच्या रक्तात उतरले. आता गाडीसाठी निम्मे पैसे त्याचे होते, आणि निम्मे बापाने अडीअडचणीला म्हणून ठेवलेल्या मुदत ठेवीचे. ती ठेव दहा वर्षांत कुठल्याही अडचणीला मोडली नव्हती. ती बहीण आता मोडणार होती.

त्याला हवी होती अबार्थ पुंटो. हे नाव मी तोपर्यंत ऐकलेही नव्हते. कार्लो अबार्थ नावाच्या माणसाने १९४९ साली इटलीत हा उद्योग काढला. त्याची रास वृश्चिक, म्हणून गाडीवर विंचवाचे चिन्ह. पुढे फियाटने तो उद्योग आपल्याकडे घेतला. आपल्या वाचकांना फियाट म्हटले की कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी आठवेल आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी आठवेल. तिचीच ही दूरची, तापट स्वभावाची नात. २०१५ साली ती आपल्याकडे विक्रीला आली, आणि तयार होत होती आपल्या पुण्याजवळ, रांजणगावला. साध्या पेट्रोल पुंटोच्या दुपटीहून अधिक ताकद, म्हणजे १४५ अश्वशक्ती, आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. २०२० साली प्रदूषणाचे नवे मानक लागू झाले, त्याआधीच फियाटच्या गाड्यांची इथली विक्री थांबली. म्हणजे आता घ्यायची तर जुनीच घ्यावी लागते, आणि सुटे भाग शोधत हिंडण्याची तयारीही ठेवावी लागते.

"अशा गाड्या दोन जातीच्या असतात, मामा," भाच्याने मला पहिला पाठ दिला. "एक कंपनीतून आली तशी. दुसरी मॉडिफाय केलेली."

मॉडिफाय म्हणजे काय, हे मला आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींनी चहा पिता पिता समजावले. या इंजिनाला टर्बो असतो. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक भिंगरी फिरते आणि ती इंजिनात जास्तीची हवा कोंबते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. किती हवा, किती पेट्रोल, ठिणगी नेमकी केव्हा, हे सगळे एक लहानसा संगणक ठरवतो. त्या संगणकातले आकडे बदलले की झाले! तासाभरात त्याच गाडीची ताकद वाढते. याला रीमॅप म्हणतात.

"मग कंपनीच का नाही वाढवून देत?" मी विचारले.

"कंपनी थोडं राखून ठेवते, सर. नागपूरचा उन्हाळा असतो, कुठं पेट्रोल वाईट मिळतं, कुणी वेळेवर ऑइल बदलत नाही. त्या दिवसांसाठी ती शिल्लक. रीमॅप करणारा ती शिल्लक काढून खर्च करतो."

मला एकदम बहिणीची मुदत ठेव आठवली. यंत्रातही कुणी अडीअडचणीला काही ठेवून गेलेले असते तर!

पहिली गाडी पाहायला आम्ही तिघे नगर रस्त्यावर एका दलालाकडे गेलो. गाडी पांढरीशुभ्र, अंगावर तांबडे पट्टे, नुकती धुऊन पुसून ठेवलेली. दलाल म्हणाला, "डॉक्टरांची गाडी आहे साहेब. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. एकदम कंपनीसारखी."

आमच्या लहानपणापासून महाराष्ट्रात जितक्या जुन्या गाड्या विकल्या गेल्या, तितके डॉक्टर महाराष्ट्रात असते तर माणसे आजारीच पडली नसती. पण भाच्याचे डोळे लकाकले होते. मी गप्प राहिलो.

मिस्त्रींनी आधी बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट गरम होते. "आम्ही यायच्या आधी चालू केली होती?" त्यांनी विचारले. थंड इंजिन सुरू होताना जे खरे बोलते, ते गरम झालेले बोलत नाही. निळा धूर निघाला तर तेल जळते आहे असे समजावे. आणि तो बहुधा पहिल्या काही क्षणांतच दिसतो. ते क्षण आमच्या आधीच कुणी तरी पाहून घेतले होते.

मग मिस्त्रींनी आत डोके घातले आणि मी मात्र चक्क माझ्या विषयात येऊन पडलो. जुन्या रबरी नळ्यांवर नव्या कोऱ्या पट्ट्या आवळलेल्या होत्या. काचेशेजारच्या खांबावर एक बारीक भोक होते आणि त्याभोवती चिकटपट्टीचा डाग. तिथे कधी काळी टर्बोचा दाब दाखवणारा काटा बसवलेला असावा. हस्तलिखित वाचताना शाईचा रंग मध्येच बदलला की आम्ही थबकतो. इथे दुसरा हात फिरला आहे, हे लगेच कळते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती असेच पाठ ताडून पाहून, हे मी वर्गात दर वर्षी सांगतो. मोटारीलाही पाठचिकित्सा लागते, हे मला त्या दिवशी समजले.

मिस्त्रींनी बोटाएवढे एक यंत्र डॅशबोर्डखाली जोडले. गाडीचा संगणक आपल्या निरनिराळ्या भागांच्या चाचण्या स्वतःच घेत असतो आणि त्या पुऱ्या झाल्याची नोंद ठेवतो. कुणी त्याची स्मरणशक्ती पुसली की त्या नोंदीही कोऱ्या होतात, आणि गाडी पुन्हा पुरेशी चालल्याशिवाय भरत नाहीत. या गाडीच्या तीन नोंदी कोऱ्या होत्या.

"बॅटरी बदलली ना परवा," दलाल म्हणाला.

"बॅटरीनंही होतं तसं," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "चला, चक्कर मारू."

मोकळ्या रस्त्यावर त्यांनी गाडी चौथ्या गिअरमध्ये हळू चालू ठेवली आणि एकदम पाय दाबला. इंजिन ओरडले, काटा वर उडाला. पण गाडीचा वेग काही त्या मानाने वाढला नाही. क्लच घसरत होता. घर ते दवाखाना करणाऱ्या डॉक्टरांनी तो एवढ्यात कसा संपवला? ताकद वाढवून गाडी पळवली असणार, आणि विकायच्या आधी सगळे काढून, पुसून, पुन्हा कंपनीसारखे करून ठेवले असणार. दलालाला विचारले तर तो म्हणाला, "मला काही माहीत नाही, साहेब." कदाचित त्याला खरेच माहीत नसेल.

परत येताना भाचा खिडकीबाहेर बघत बसला होता. शेवटी म्हणाला, "मामा, तुला सगळीकडं प्रक्षिप्तच दिसतं. मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं ती रीमॅप झालेली आहे ते."

"मग बोलला का नाहीस?"

"कारण मला तशीच हवी होती. क्लच बदलून मी पुन्हा रीमॅप करणार होतो."

मी चिडलो. नको ते बोललो. बापाचे पैसे, आईचा विश्वास, सगळे काढले. तोही बोलला. मिस्त्री पुढे बसून रस्ता पाहत राहिले.

रात्री बहिणीचा फोन आला. त्याने तिला काहीच सांगितले नव्हते. मी थोडेफार सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, ती गाडी किती जोरात जाते ते मला नको सांगूस. थांबते कशी, तेवढं सांग."

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला घरी बोलावले. उपदेश केला नाही. आईचे वाक्य तेवढे जसेच्या तसे सांगितले, आणि रात्री जागून वाचलेले कागद पुढे ठेवले. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ म्हणते की, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. आणि विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर उघडकीस आला, तर वाद कुणाच्या दारात येणार? ज्या घरात मुदत ठेव मोडून झाली आहे, त्या घराच्या.

तो कागद उलटत राहिला. "कंपनीनं दिलेले ब्रेक कंपनीनं दिलेल्या ताकदीसाठी असतात," एवढेच हळू म्हणाला. मला ते सुचलेच नसते.

तीन आठवड्यांनी दुसरी गाडी आली, ती साताऱ्याहून. मालकाशी फोनवर बोलणे भाच्याने केले होते, पण "मालक" शब्दामुळे माझी जी समजूत झाली होती ती फाटकातच मोडली. गाडी चालवत आल्या त्या पन्नाशीच्या एक बाई. दंतवैद्य! म्हणजे ही गाडी खरोखरच डॉक्टरांची निघाली.

त्यांनी गाडी उभी केली, पण बंद केली नाही. इंजिन तसेच चालू ठेवून अर्धाएक मिनिट बसून राहिल्या. मला वाटले, फोनवर बोलत असतील. भाचा माझ्या कानाशी म्हणाला, "मामा, बघ." उतरल्यावर त्यांना विचारले तर म्हणाल्या, "खंबाटकीच्या बोगद्यापासून जरा जोरात आले ना. टर्बो तापलेला असतो. लगेच बंद केलं तर तेल फिरायचं थांबतं आणि तिथंच जळतं. त्याला दम खाऊ द्यावा."

मग त्यांनी पिशवीतून जाडजूड फाइल काढली. पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक पावती तारखेवार लावलेली. आणि आम्ही काही विचारायच्या आधीच बोलू लागल्या. "मागचं डावं दार एकदा फाटकाला घासलं, रंगवून घेतलंय. २०१७ साली मी सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदलला होता. हौस! तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजी म्हणाल्या, डॉक्टरीणबाई, गाडी बिघडली वाटतं, फार ओरडते. काढून टाकलं. लावल्याची पावती ही, काढल्याची ही. संगणकाला हात लावलेला नाही. टायर मात्र जुने झालेत."

मिस्त्रींनी रंगाची जाडी मोजणारे यंत्र गाडीभर फिरवले. आकडा वाढला तो फक्त मागच्या डाव्या दारावर. टायरच्या कडेवर चार आकडे होते, २३१९. म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. थंड झालेले इंजिन दुपारी पुन्हा सुरू केले तेव्हा धूर नव्हता. चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला तेव्हा इंजिन आणि गाडी बरोबरच धावली.

मला एक गोष्ट त्या फाइलसमोर बसून उमगली. या गाडीतही बदल झाला होता. ही काही सोवळ्यातली प्रत नव्हती. पण जिथे जिथे दुसरा हात फिरला होता, तिथे तिथे त्याने आपली खूण ठेवली होती. नगर रस्त्यावरच्या गाडीचा खरा दोष कुणी तिची ताकद वाढवली हा नव्हता. तो बदल पुसून तिला कोरी म्हणून विकायला काढली होती, हा होता. पाठभेद चालतो, तो लपवलेला चालत नाही.

गाडी पहिलीपेक्षा पन्नास हजारांनी महाग होती. बाईंनी टायरचे म्हणून दहा हजार आपण होऊन सोडले. पैसे मोजायच्या आधी त्यांनी भाच्याला विचारले, "रीमॅप करणार आहेस?"

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. "नाही, डॉक्टर. आधी टायर बदलणार. मग ब्रेक तपासून घेणार."

पुढचे सोपस्कार सांगून ठेवतो, कारण घाईत तेच राहून जातात. गाडीवर कर्ज आहे का, दंडाची ई-चलने थकली आहेत का, हे परिवहन खात्याच्या नोंदीत पाहावे. कर्ज फिटले असेल तर बँकेचे पत्र आणि नमुना ३५ घ्यावा. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० भरावे. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. दावा न केल्याबद्दलची विम्यातली सवलत जुन्या मालकाकडेच राहते. ती आपल्याला मिळाली असे समजू नये.

एकदा भाच्याने मलाही ती गाडी चालवायला दिली. मोकळा रस्ता होता. पाय जरासा दाबला मात्र, आणि कुणी तरी पाठीला हात लावून पुढे ढकलावे तसे झाले. चाळिशी ओलांडलेला प्राध्यापक क्षणभर कॉलेजात शिकणारा झाला. त्या मुलाला काय हवे होते, ते मला तेव्हा समजले. आणि नगर रस्त्यावरून परत येताना आपण फार बोललो, हेही. तसे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "मामा, पेट्रोलचं झाकण उजवीकडं आहे. लक्षात ठेव."

परवा बहिणीकडे गेलो होतो. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. ती पोळ्या लाटत होती. खाली गाडी येऊन थांबली, पण इंजिन चालूच राहिले. मी खिडकीकडे जाऊ लागलो, तर ती म्हणाली, "थांब. अजून अर्धं मिनिट."

लाटणे हातात धरून ती ऐकत उभी राहिली. खालचा आवाज बंद झाला. तिने तवा चढवला.