अंगणवाडीचा आहार आणि कोर्टाचा कागद



मागच्या महिन्यात एका गावात गटाची बैठक होती. तिथल्या अंगणवाडीत दोन महिन्यांपासून आहाराची पाकिटं आली नव्हती. मी कायद्याचं बोलायला लागले, तर एक मावशी म्हणाल्या, "कोर्ट-कचेरी मोठ्या लोकायचं काम हाय बाई. आपलं कोन आयकते?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. आज सांगते, कारण कोर्टाने ऐकलं आहे, आणि तेही एका बचत गटाचं.

सुरुवात २००१ सालची. सरकारी गोदामं धान्याने भरलेली आणि गावात लोक उपाशी, म्हणून पीयूसीएल या संघटनेने सुप्रीम कोर्टात याचिका टाकली. त्यांचं म्हणणं साधं होतं: राज्यघटनेच्या कलम २१ ने जगण्याचा हक्क दिला, मग अन्नाशिवाय माणूस जगणार कसा? २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने रेशन, अंगणवाडीचा आहार, शाळेतलं शिजवलेलं जेवण हे सगळं सरकारची मेहेरबानी न राहता आपला हक्क झालं. पुढे २०१३ मध्ये अन्न सुरक्षा कायदा आला.

याच केसमध्ये ७ ऑक्टोबर २००४ रोजी कोर्टाने सांगितलं की अंगणवाडीच्या आहाराला ठेकेदार नको. गावातले लोक, बचत गट, महिला मंडळं यांच्याकडून काम घ्या. तरी आपल्या राज्यात २०१६ मध्ये टेंडर निघालं, त्याच्या अटी अशा की छोटे गट बाहेर आणि मोठे पुरवठादार आत. वैष्णोराणी महिला बचत गट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २६ फेब्रुवारी २०१९ ला कोर्टाने सुमारे ६,३०० कोटींचे ते ठेके रद्द केले.

पण खोटी आशा दाखवत नाही. केसला वर्षं लागतात. आपल्या मेळघाटातल्या बालमृत्यूंवर २००७ ची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात आहे. कोर्टाने डॉक्टर, आहार, औषधं यावरून सरकारला वेळोवेळी जाब विचारला, तरी धारणी-चिखलदऱ्याचं दुखणं एका आदेशाने संपलं नाही. आदेश गावात उतरतो तो आपण मागे लागलो तरच.

मग आपण काय करायचं?

१. तक्रार लेखी द्या. दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. कोर्टात पुरावा म्हणून हाच कागद चालतो.

२. आहार कोणत्या महिन्यात आला नाही, किती लेकरांना मिळाला नाही, हे गटाच्या रजिस्टरमध्ये लिहा.

३. ऐकलं नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. त्यानंतर राज्य अन्न आयोग आहे. आहार मिळाला नाही तर त्याबदल्यात अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो, हे कायद्यातच आहे.

४. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिची कमाई कितीही असो. अमरावती आणि अकोल्याच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. फोन १५१००.

५. प्रश्न अनेक गावांचा असेल तर फेडरेशनमध्ये मांडा. आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आहे.

त्या बैठकीत मी विचारलं होतं, "अर्जाची पोच कुठे आहे?" सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. दोन महिने नुसतं तोंडीच सांगणं चाललं होतं. मग तिथंच अर्ज लिहिला, आणि पहिली सही त्याच मावशींनी केली. आता पोच गटाच्या पेटीत आहे.

तुमच्या पेटीत आहे का?