चार हंडे, एकच नळ

विज्ञान प्रदर्शनाची सूचना वर्गात वाचून दाखवली जाते, तो दिवस आठवा. सर खडू घेऊन फळ्यापाशी उभे राहतात आणि म्हणतात, "हं, सांगा बरे, यंदा आपण काय करायचे?" क्षणभर शांतता. मग पहिल्या बाकावरचा नेहमीचा विद्यार्थी उठून म्हणतो, "सर, ज्वालामुखी!" कोणी पवनचक्की सुचवतो, कोणी ठिबक सिंचन. पुढची दहा मिनिटे ज्वालामुखीतून धूर कसा काढायचा यातच जातात. शेवटच्या बाकावरची एक मुलगी दोनदा हात अर्धवट वर करते आणि खाली घेते. तास संपतो. तिच्या मनात काय होते ते कोणालाच कळत नाही.

मी स्वतः कित्येक वर्षे असाच खडू घेऊन उभा राहत असे आणि आज वर्गात काय छान चर्चा झाली, अशा समाधानात शिक्षकांच्या खोलीत परतत असे. ती मुलगी काय म्हणणार होती, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

आता तर अशा तासांचे महत्त्व वाढले आहे. २०१६ पासून अनेक शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघाल्या. इन्स्पायर-मानक योजनेत शाळेने विद्यार्थ्यांच्या पाच उत्तम कल्पना निवडून पाठवायच्या असतात. पाचच! म्हणजे त्या पाच कोणत्या आणि कोणाच्या, हे ठरते ते वर्गातच. आणि वर्गात आपण काय करतो? 'चला, विचारमंथन करू,' असे म्हणून एकत्र बसतो. चार डोकी एकत्र आली की एकापेक्षा जास्त सुचणारच, हे आपल्याला इतके उघड वाटते की ते तपासून पाहावे असे मनातही येत नाही. पण तसे तपासून पाहिलेले आहे आणि त्याचीच ही हकीकत.

ज्याला आपण विचारमंथन म्हणतो त्याचे इंग्रजी नाव ब्रेनस्टॉर्मिंग. त्याचे जनक ॲलेक्स ऑसबर्न हे अमेरिकेतील एका मोठ्या जाहिरात कंपनीचे एक संस्थापक. या नावातले 'स्टॉर्म' म्हणजे वादळ नव्हे बरे का! सैनिकांची तुकडी किल्ल्यावर चढाई करते, तशी सगळ्यांनी मिळून एकाच प्रश्नावर करायची चढाई, असा ऑसबर्न यांचा अर्थ होता. १९४८ आणि १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांतून त्यांनी ही पद्धत लोकांपुढे मांडली. नियम सोपे होते. कोणाच्याही कल्पनेवर त्या वेळी टीका करायची नाही. कल्पना जितकी अचाट तितकी चांगली. संख्या भरपूर हवी. आणि दुसऱ्याच्या कल्पनेला आपली जोड देऊन ती पुढे न्यायची. यांतला पहिला नियम माझ्या मते आजही लाख मोलाचा आहे, 'काहीतरीच काय!' या दोन शब्दांनी आपल्या वर्गांत किती कल्पनांचा जीव घेतला असेल!

मात्र ऑसबर्न यांनी आणखी एक विधान केले. सामान्य माणसाला एकट्यापेक्षा गटात दुप्पट कल्पना सुचतात, असे ते म्हणाले. आता हे झाले मोजता येण्याजोगे विधान. अमेरिकेतील येल विद्यापीठात डोनाल्ड टेलर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ते मोजायचे ठरवले. त्यांच्या प्रयोगाची रचना नीट समजून घ्या, कारण सगळी खुबी तिथेच आहे.

त्यांनी ९६ विद्यार्थी घेतले. त्यांपैकी ४८ जणांचे चौघाचौघांचे १२ गट केले. उरलेल्या ४८ जणांना एकेकटे बसवले. सर्वांना नियम तेच आणि प्रश्नही तेच. त्यांतला एक प्रश्न मोठा गमतीचा होता: यापुढे जन्मणाऱ्या प्रत्येक माणसाला हाताला एक जादा अंगठा असला, तर त्याचे फायदे-तोटे काय? आता, चौघांच्या कल्पनांची तुलना एकट्याच्या कल्पनांशी करणे अन्यायाचे झाले असते. म्हणून एकेकटे बसलेल्यांचेही नंतर कागदावर चौघाचौघांचे १२ गट पाडले. हे चौघे एकमेकांशी एक अक्षरही बोललेले नव्हते. त्यांच्या कल्पना एकत्र केल्या, दोघांना सुचलेली कल्पना एकदाच धरली आणि मग मोजदाद केली.

१९५८ साली निकाल प्रसिद्ध झाला. कागदावरच्या गटांनी खऱ्या गटांपेक्षा जवळजवळ दुप्पट कल्पना दिल्या होत्या! ज्या कल्पना दुसऱ्या कोणालाही सुचल्या नव्हत्या, त्यांची संख्याही त्यांच्याकडेच जास्त होती. पुढे अनेक ठिकाणी असे प्रयोग झाले आणि बहुतेक वेळा पारडे त्याच बाजूला झुकले.

मग गटात कल्पना जातात कुठे? संशयित तीन. पहिला संशय भिडेचा: लोक हसतील म्हणून माणूस बोलत नाही. दुसरा आळसाचा: बाकीचे आहेतच, मग मी कशाला डोके शिणवू? तिसरा संशय इतका साधा की त्याच्याकडे कोणाचे लक्षच जाऊ नये: गटात एका वेळी एकानेच बोलायचे असते.

पश्चिम जर्मनीतील ट्युबिंगेन येथे मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोएब या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली या तिघांची झडती घेतली. भीड आणि आळस यांचा परिणाम दिसला, पण थोडा. मग त्यांनी एक युक्ती केली. चौघांना चार निरनिराळ्या खोल्यांत बसवले आणि प्रत्येकासमोर चौकातल्या सिग्नलसारखे दिवे ठेवले. एकजण बोलू लागला की इतरांच्या खोलीत लाल दिवा लागे, म्हणजे त्यांनी थांबायचे. तो गप्प झाला की वाट मोकळी. इथे कोणी कोणाला पाहत नव्हते. काही चौकड्यांना तर एकमेकांचे बोलणे ऐकूही येत नव्हते. भिडेला फारशी जागाच नव्हती. तरीही कल्पनांची संख्या खऱ्या गटासारखीच खाली घसरली. ज्यांना 'दिव्यांकडे लक्ष देऊ नका, सुचेल तेव्हा बोला' असे सांगितले होते, त्यांची संख्या एकट्याने काम करणाऱ्यांइतकीच राहिली. गुन्हेगार सापडला होता!

सकाळी सार्वजनिक नळावर चार हंडे रांगेत असतात तसेच हे. हंडे चार, पण नळ एकच. मात्र हंडा रांगेत नुसता उभा राहिला तर त्याचे काही बिघडत नाही. विचारांचे तसे नसते. एखादी कल्पना सुचली आणि आपली पाळी यायला वेळ लागला, तर ती विसरू नये म्हणून आपण मनात घोळवत बसतो. एखादा फोन नंबर लिहून घेईपर्यंत पुटपुटत राहावे, तसे. तेवढा वेळ नवे काही सुचत नाही. बरे, समोरच्याचे ऐकू लागलो तर मनातले निसटते. आणि कधीकधी पाळी येईपर्यंत, 'जाऊ दे, यात काय मोठेसे' म्हणून आपणच ती सोडून देतो. त्या मुलीचा अर्धवट वर गेलेला हात आठवतो ना?

गटाचा आणखी एक तोटा आहे. जे. पी. गिलफर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी सर्जनशीलता मोजण्यासाठी एक साधा प्रश्न वापरला: विटेचे उपयोग किती? भिंत, कुंपण, ओटा अशी दहा उत्तरे देता येतील, पण ती सगळी बांधकामाचीच झाली. तीन विटांची चूल, क्रिकेटचा स्टंप, लाल रंगाची भुकटी ही मात्र निराळ्या जातीची उत्तरे. (आपल्याकडचा एखादा विद्यार्थी 'विठोबाला उभे राहायला' असेही लिहील, आणि मी त्याला पूर्ण गुण देईन.) उत्तरे किती याइतकेच ती किती जातींची आहेत याला महत्त्व आहे. गटात पहिला 'ज्वालामुखी' म्हणाला की सगळ्यांचे विचार त्याच डोंगराभोवती फिरू लागतात.

म्हणून गट मोडायचा का? मुळीच नाही. गटातल्या कामाआधी व नंतर एकट्याने विचार करावा, असे खुद्द ऑसबर्न यांनीच सांगितले होते; ते मागे पडले आणि गोल करून बसणे तेवढे उरले. शिवाय दुसऱ्याची कल्पना कळल्यावर आपल्याला काही वेगळे सुचते हे खरेच आहे. अडचण ऐकण्याची नाही, पाळीची आहे. मग तोंडाऐवजी पेन्सिल वापरली तर? १९६० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील बेर्न्ट रोरबाख यांनी हीच वाट काढली. सहाजण वर्तुळात बसतात. प्रत्येकजण आपल्या कागदावर पाच मिनिटांत तीन कल्पना लिहितो आणि कागद शेजाऱ्याकडे सरकवतो. शेजारी त्या वाचतो आणि खाली आपल्या तीन लिहितो. अर्ध्या तासात ६ × ३ × ६ म्हणजे १०८ नोंदी. त्यांत पुष्कळ पुनरावृत्ती असणार, पण कोणी कोणासाठी थांबलेले नसते. अमेरिकेतील पॉल पॉलस आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००० साली लेखी देवघेवीचा असाच प्रयोग केला, तेव्हा अशा गटांनी एकेकट्यांनाही मागे टाकले.

हे सारे माझ्या शब्दावर मान्य करू नका. वर्गातच करून पाहा. प्रश्न अगदी जवळचा घ्या. उदाहरणार्थ, शाळेच्या टाकीजवळ रोज सांडणारे पाणी कसे वाचवावे किंवा वापरावे? आठ विद्यार्थी निवडा. चौघांनी एकत्र बसून बोलावे व एकाने टिपून घ्यावे. दुसऱ्या चौघांनी चार कोपऱ्यांत बसून लिहावे. वेळ दोघांनाही बारा मिनिटे. पुढच्या आठवड्यात प्रश्न बदला आणि जागांची अदलाबदल करा, म्हणजे हुशार चौघे एकाच बाजूला पडले अशी शंका उरणार नाही. त्यानंतर कागद सरकवण्याची पद्धतही वापरा. चिठ्ठ्यांवर नावे नकोत. चर्चा, निवड, वादविवाद हे सगळे चिठ्ठ्या फळ्यावर लागल्यानंतर, आणि ते मात्र एकत्र बसूनच करा. त्या वेळी बोलणाऱ्यांचा खरा उपयोग होतो.

मोजणीचे काम दोघांकडे द्या. एकच कल्पना दोन निराळ्या शब्दांत आली तर ती एक धरायची की दोन, यावर त्यांचे भांडण होणार. तेव्हा तो नियम चिठ्ठ्या उघडण्यापूर्वीच लिहून ठेवा.