पांदणीने हृदयात

अँजिओग्राफीच्या अहवालात ‘शंभर टक्के ब्लॉक’ लिहिलेलं, आणि माणूस उमरेडच्या बाजारात पिशवी घेऊन फिरतोय! धमनी पूर्ण बंद, मग हा चालतोय कशावर?

पांदणीवर. डांबरी रस्ता बंद झाला की आपण शेतातल्या पांदणीने गाव गाठतो ना, तसंच. ब्लॉक हळूहळू वाढला, तर शेजारच्या धमनीकडून येणाऱ्या बारीक वाहिन्या रुंदावतात आणि उपाशी स्नायूला रक्त पोचवतात. बसल्या जागी भागतं. जिना चढताना मात्र छाती भरून येते.

तीन महिन्यांहून जुन्या अशा पूर्ण ब्लॉकला डॉक्टर ‘सीटीओ’ म्हणतात. आत चिवट तंतू, वर कॅल्शियम. त्यातून वाट काढायची ०.३६ मिलिमीटर जाडीच्या तारेने! १९७७ साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी जाग्या माणसाच्या हृदयधमनीत ती रुंद करायला पहिला फुगा फुगवला, तेव्हा ती धमनी नुसती अरुंद होती. इथे तर भोकच नाही.

म्हणून बऱ्याचदा मनगटातून किंवा जांघेतून दोन कॅथेटर, म्हणजे बारीक पोकळ नळ्या, हृदयापर्यंत नेतात. डाव्या-उजव्या दोन्ही धमन्यांत रंगद्रव्य सोडलं की पडद्यावर ब्लॉकची दोन्ही टोकं दिसतात. पुढचं टोक रक्ताचा दाब सोसून टणक झालेलं, मागचं बहुधा मऊ. मग मागूनच शिरलं तर? जपानी डॉक्टरांनी या युक्तीला विलक्षण धार आणली. तार निरोगी धमनीत जाते, तिथून पांदणीत वळते, धडधडत्या हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीतून सरकते आणि ब्लॉकच्या पाठीमागे निघते!

एवढ्यावर थांबत नाही. ब्लॉक भेदल्यावर तीन मीटरहून लांब तार एका कॅथेटरमधून आत, दुसऱ्यातून बाहेर काढतात. तिच्यावरून फुगा जातो, मग धमनी उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट. रुग्ण बहुतेक वेळा जागाच असतो.

अर्थात धोका आहेच. धमनीला छिद्र पडू शकतं. म्हणून औषधं घेऊनही त्रास थांबत नसेल, तर सहसा हा घाट घालतात. अशी कामं जिथे होतात ती कॅथलॅब नागपूरच्या सरकारी सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलातही आहे. तिथे जाऊन नीट विचारा, घाई नको.

ही सवड मात्र जुन्या ब्लॉकलाच. अचानक छाती दाबल्यासारखी झाली, घाम फुटला, तर गॅस समजून बसू नका. १०८ ला फोन लावा.