नवं बांधलेलं इंजिन आणि लूज डिस्ट्रिब्युटर: बोल्ट आवळण्याआधी तीन तपासण्या

जुन्या गाड्या रिस्टोअर करायचं गॅरेज टाकायचं म्हणताय ना? मग आजचा विषय खास तुमच्यासाठी. पाहताना तो एका बोल्टचा वाटेल, पण आहे तुमच्या खिशाचा.

उदाहरण घेऊ जुन्या शेवरोले ट्रकचं. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना सुरू केला. तिथे गाड्यांची जुळणी 1954 पर्यंत चालली. त्या काळच्या शेवरोले ट्रकमध्ये सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असायचं. आज असा ट्रक हौशी मालकाकडून तुमच्याकडे येतो. तुम्ही इंजिन पूर्ण बांधता, आणि शेवटी लक्षात येतं की डिस्ट्रिब्युटर हाताने हलतोय. मिस्त्री म्हणतो, "आवळून टाकतो, दोन मिनिटांचं काम." तिथेच थांबवा त्याला.

डिस्ट्रिब्युटर दोन कामं करतो

पहिलं काम सगळ्यांना माहीत आहे. कॉइलचा करंट योग्य वेळी योग्य प्लगला पोचवायचा. दुसरं काम दिसत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवरचा गिअर कॅमशाफ्टवर फिरतो आणि त्याच शाफ्टचं खालचं टोक ऑइल पंप फिरवतं. म्हणजे इंजिनच्या ऑइलची सगळी भिस्त या शाफ्टवर. म्हणून "लूज आहे" एवढं बोलून भागत नाही. नक्की कसा लूज आहे, ते बघायचं.

तपासणी 1: वर-खाली हलतो का?

डिस्ट्रिब्युटरची बूड ब्लॉकवर सपाट टेकली आहे का, ते बॅटरी मारून बघा. फट दिसली तर समजा, शाफ्टचं टोक ऑइल पंपाच्या खाचेत बसलेलं नाही. इंजिन बांधताना पंप सुटा केलेला असतो, त्यामुळे खाच भलत्याच दिशेला राहते.

सगळ्यात मोठा धोका इथे आहे. टोक खाचेत बसण्याआधीच गिअरचे दात कॅमशाफ्टला लागू शकतात. मग होतं काय, रोटर फिरतो, करंट येतो, इंजिन सुरू होतं, आवाजही छान येतो. पण पंप मात्र उभाच! नवीन बेअरिंग काही मिनिटांत खराब होतात, आणि तुमची सगळी मेहनत परत टेबलावर येते.

अशा वेळी बोल्ट आवळून डिस्ट्रिब्युटर खाली ओढू नका. टोक, पंप किंवा गिअर, काहीही मोडू शकतं. डिस्ट्रिब्युटरवर वरून हाताचा हलका दाब ठेवा आणि इंजिन हाताने हळू फिरवा. टोक आणि खाच समोरासमोर आले की तो आपोआप खाली बसतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत डिस्ट्रिब्युटरची एक फेरी होते, म्हणून फार फिरवावं लागत नाही.

तपासणी 2: गोल फिरतो का?

बूड नीट टेकली आहे, पण अख्खा डिस्ट्रिब्युटर डावी-उजवीकडे फिरतोय. मग क्लॅम्प बघा. स्क्रू सैल आहे का, ब्लॉकमधला आटा गेलाय का, की दुसऱ्याच मॉडेलचा क्लॅम्प लावलाय? असा डिस्ट्रिब्युटर चालत्या गाडीत जागा सोडतो आणि टायमिंग सरकतं. मग पिकअप जातो, बॅकफायर होतो, चढावर इंजिन ठोकतं.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. यातल्या बऱ्याच जुन्या इंजिनांत व्हॅक्यूम ॲडव्हान्स डिस्ट्रिब्युटरची अख्खी बॉडीच थोडी फिरवतो. व्हॅक्यूमची नळी काढून शोषून बघा. बॉडी थोडी सरकून परत जागेवर आली तर तो बिघाड नाही, रचनाच तशी आहे. ती करकचून आवळली तर ॲडव्हान्स बंद पडेल.

तपासणी 3: शाफ्ट डुगडुगतो का?

कॅप काढा, रोटर धरून शाफ्ट आडवा हलवा. पॉइंटमधली फट डोळ्यांना कमी-जास्त होताना दिसली तर बुश झिजलेत. रोटर गोल दिशेने थोडा फिरून स्प्रिंगने परत येत असेल तर तो सेंट्रिफ्युगल ॲडव्हान्स आहे, त्यात दोष नाही. आडवी डुगडुग मात्र बुश बदलल्याशिवाय जात नाही. बाहेरचा बोल्ट कितीही आवळा, मिसिंग राहणारच.

बसवल्यावर काय करायचं?

एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणा आणि फ्लायव्हीलवरची खूण जुळवा. रोटर एक नंबरच्या वायरसमोर हवा. तो उलट्या बाजूला असेल तर इंजिन कॉम्प्रेशनऐवजी एक्झॉस्टवर आलंय, क्रँकची एक फेरी द्या. गिअरचे दात तिरके असल्यामुळे डिस्ट्रिब्युटर खाली उतरताना रोटर थोडा फिरतो, हे धरूनच सुरुवात करा. या इंजिनाची फायरिंग ऑर्डर 1-5-3-6-2-4 आणि रोटर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो.

मग कॉइलची मधली वायर काढून अर्थ करा आणि स्टार्टर थोडा थोडा मारा. ऑइल प्रेशरचा काटा उठला तरच पुढे. काटा उठला नाही तर इंजिन सुरू करायचं नाही, मालक समोर उभा असला तरी.

आता धंद्याचा हिशोब

समजा, तुम्ही या कामाची मजुरी 40,000 रुपये घेतली आणि 20 दिवस लावले. म्हणजे दिवसाला 2,000 रुपये. गाडी वॉरंटीत परत आली, इंजिन पुन्हा उघडायला 8 दिवस गेले, तर 16,000 रुपयांची मजुरी फुकट. बेअरिंगचा खर्च वेगळा आणि त्या जागेवर उभी राहू शकली असती ती दुसरी गाडीही गेली. वरच्या तीन तपासण्यांना फार तर अर्धा तास लागतो.

म्हणून पहिल्या दिवसापासून तीन सवयी लावा:

1. डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी बूड आणि ब्लॉकवर रंगाची एक सलग रेघ मारा, रोटरच्या दिशेचा फोटो काढा.
2. जॉब कार्डवर "बूड टेकली, क्लॅम्प, शाफ्टचा प्ले, ऑइल प्रेशर" असे चार रकाने ठेवा. ज्याने तपासलं त्याची सही घ्या.
3. बिघाड शोधण्याचे पैसे बिलात वेगळे लिहा. ग्राहकाला कारण दाखवलं की तो पैसे देतो. नुसतं "टाइट केलं" म्हटलं की घासाघीस करतो.

मिस्त्री कितीही जुना असो, तपासणीचा कागद गॅरेजच्या मालकाचा असतो. गॅरेज अजून उघडलं नसेल, तरी हा कागद आजच तयार करा. पाना त्यानंतर घ्या!